शनिवार-रविवारची शाळा

बऱ्याच दिवसांनी लिहितेय. मधल्या काळात दोन मावश्यांनी आणि तीन-चार जुन्या वाचकांनी "बरी आहेस ना?" म्हणून विचारलं. बरी आहे हो! शाळेत जात होते, म्हणून वेळ नव्हता.

थट्टा नाही करत. वय वर्षं ४९, नर्सिंगच्या नोकरीची २७ वर्षं, मुलगा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, आणि त्याची आई गेलं दीड वर्ष दर शनिवारी दुपारी आणि रविवारी दिवसभर बाकावर बसून वहीत लिहून घेत होती. क्लिनिकल रिसर्च, म्हणजे औषधांच्या आणि उपचारांच्या माणसांवरच्या चाचण्या कशा करायच्या, याची पदव्युत्तर पदविका. नोकरी करणाऱ्यांसाठीच असलेला कोर्स. फीसाठी बँकेतली आरडी मोडली. नवरा काही म्हणाला नाही. सासूबाई मात्र म्हणाल्या, "आता रिटायर व्हायच्या वयात पुन्हा परीक्षा? आम्ही तर सातवीनंतर हुश्श केलं होतं."

मे महिन्यात एका लग्नात एका काकांनी विचारलं, "नर्सला रिसर्च कशाला लागतो गं? तो डॉक्टर लोकांचा प्रांत." तिथे पंगतीत वाढपी जिलबी घेऊन उभा होता, त्यामुळे उत्तर राहिलं. ते आज देते.

याची सुरुवात कोविडच्या वर्षी झाली. २०२० च्या पावसाळ्यात आमच्या आयसीयूत नातेवाईक प्लाझ्मासाठी अक्षरशः धावत असायचे. बरा झालेला माणूस शोधा, त्याचा रक्तगट जुळवा, त्याला रक्तपेढीत आणा... एका मुलीने वडिलांसाठी तीन दिवसांत दीडशे फोन केले होते. मी तिला धीर देत होते, "मिळेल गं, मिळेल." ऑक्टोबरमध्ये आयसीएमआरच्या चाचणीचे निष्कर्ष छापून आले. देशातली ३९ रुग्णालयं, ४६४ रुग्ण, आणि उत्तर असं की प्लाझ्मा दिल्याने आजार बळावणं किंवा मृत्यू काही कमी होत नाहीत. तरी धावाधाव चालूच राहिली. सरकारी मार्गदर्शक सूचनांमधून प्लाझ्मा निघाला तो २०२१ च्या मे महिन्यात. त्या मुलीचे दीडशे फोन माझ्या डोक्यातून जाईनात. कळलं होतं तर आम्ही थांबलो का नाही? आणि खरं सांगायचं तर, ते 'कळलं' म्हणजे काय, ते कसं कळतं, हेच मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं लोकांच्या नसांमध्ये औषधं सोडून!

पुढे आमच्या रुग्णालयात चाचण्या वाढल्या. कोऑर्डिनेटर मुलगी लग्न होऊन गेली आणि तिच्या फायली माझ्याकडे आल्या, "सिस्टर, तुमचं अक्षर चांगलं आहे" या एकमेव पात्रतेवर. वर्षभर नुसत्या रकान्यांत तारखा भरल्यावर मी कोर्सला नाव घातलं. अट पदवीची होती. पोस्ट बेसिक बी.एस्सी. मी मुलगा बालवाडीत असताना केलं होतं, ते इथे कामाला आलं.

वर्गात आम्ही बावीसजण. तीन बीएएमएस, चार बीएचएमएस, फार्मसीवाले सर्वांत जास्त, एक दंतवैद्य, एक फिजिओथेरपिस्ट, लॅबमधली दोन मुलं आणि मी. बहुतेकजण माझ्या मुलाहून पाच-सात वर्षांनी मोठे. पहिल्या दिवशी मला पाहून दोघं उठून उभे राहिले, त्यांना वाटलं मॅडम आल्या! शनिवारी रात्रपाळी करून रविवारी सकाळी थेट वर्गात, असंही कितीतरी वेळा झालं. दुपारच्या तासाला मान कधी पडायची ते कळायचं नाही. शेजारची होमिओपॅथ मुलगी कोपराने ढोसायची आणि मधल्या सुट्टीत आम्ही दोघी कोपऱ्यावरच्या गाडीवर वडापाव आणि कटिंग घ्यायचो.

काही विषय मला फुकटात आले. कागदपत्रांचा तास, उदाहरणार्थ. जे लिहिलं नाही ते केलंच नाही असं समजायचं, खाडाखोड करायची नाही, चूक झाली तर एक रेघ मारून बाजूला सही आणि तारीख. तरुण मंडळींना हे जाचक वाटत होतं. आमच्या मेट्रनबाईंनी मला हेच १९९८ साली ओरडून शिकवलं होतं. गंभीर दुष्परिणाम दिसला तर चाचणी करणाऱ्या डॉक्टरने तो २४ तासांत कळवायचा, हा २०१९ च्या नियमांमधला मुद्दाही मला पाठ करावा लागला नाही, कारण तो रात्री तीन वाजता कुणाच्या लक्षात येतो ते मला ठाऊक आहे. नर्सच्या.

संख्याशास्त्राने मात्र रडवलं. सर साठीचे, शांत, खडूने हात पांढरे झालेले. त्यांनी पहिल्या दिवशी नाणं काढलं आणि वीस वेळा उडवायला लावलं. कुणाचे चौदा छापे आले, कुणाचे सात. "नाणं खोटं आहे का?" सरांनी विचारलं. कुणी हो म्हणालं, कुणी नाही. "मग पाच पेशंट बरे झाले म्हणून औषध चांगलं, हे कसं काय ठरवता रे?" एवढं बोलून ते खाली बसले. मला आमचे राउंड आठवले. 'माझ्या अनुभवात' अशी सुरुवात करून सांगितलेली किती वाक्यं मी मान डोलावत ऐकली आहेत!

दुसऱ्या सहामाहीत प्रत्येकाने एक गाजलेला शोधनिबंध वर्गापुढे समजावून सांगायचा होता. निबंध कुणाला कुठला, ते सरांनी चिठ्ठ्या टाकून ठरवलं (त्यांना चिठ्ठ्यांचा भारी सोस. चाचणीतही कुणाला कुठलं औषध ते असंच नशिबावर सोडतात, डॉक्टरच्या पसंतीवर नाही, हे त्यांना सारखं ठसवायचं असे). माझ्या चिठ्ठीत आलं 'क्रॅश, २००४'. लॅन्सेटमध्ये आलेली डोक्याच्या दुखापतीवरची चाचणी.

रविवारी रात्री सगळे झोपल्यावर स्वयंपाकघरातल्या टेबलावर वाचायला घेतली.

डोक्याला मार लागला की मेंदूला सूज येते. स्टेरॉइडने सूज उतरते. म्हणून अशा रुग्णांना तीस वर्षांहून जास्त काळ जगभर स्टेरॉइड दिलं जात होतं. त्याने माणसं वाचतात का, हे तपासणाऱ्या चाचण्या झाल्या होत्या, पण छोट्या, त्यातून धड काही कळत नव्हतं. म्हणून लंडनहून ही मोठी चाचणी आखली. ४९ देशांतली २३९ रुग्णालयं. निम्म्यांना मेथिलप्रेडनिसोलोन, निम्म्यांना तसंच दिसणारं पण औषध नसलेलं द्रावण. वीस हजार रुग्ण घ्यायचे ठरलं होतं. अशा चाचणीत आकड्यांवर नजर ठेवणारी एक वेगळी समिती असते, कुणाला काय मिळतंय ते फक्त तिला पाहता येतं. त्या समितीने आकडे पाहिल्यावर चाचणी निम्म्यावर, १०,००८ रुग्णांवर थांबवली. दोन आठवड्यांत औषधाच्या गटात १०५२ माणसं गेली होती. औषध नसलेल्या गटात ८९३.

मी ते आकडे पुन्हा वाचले. मला वाटलं रकाने उलटे वाचले.

१५९ माणसांचा फरक. शंभरात तीनहून थोडी अधिक. आमची आयसीयू बारा खाटांची आहे. ती तेरा वेळा भरेल, एवढी माणसं.

१९९९ पासून पाच वर्षं मी न्यूरोसर्जरीच्या आयसीयूत होते. स्टेरॉइड चार्टवर लिहिलेलं असायचं आणि मी द्यायची. वेळेवर द्यायची, मिनिटाचाही उशीर न करता, आणि त्याचा मला अभिमान होता. त्या रात्री माझं मन काय करू लागलं ते सांगते, कारण ते लपवण्यात अर्थ नाही. ते पळवाट शोधू लागलं. आमच्याकडे बहुतेक वेळा डेक्सामेथासोन असायचं, हे औषध वेगळं. यांचा डोस केवढा तरी मोठा. आमचे पेशंट उशिरा पोचायचे, यांनी आठ तासांच्या आतले घेतले. सगळे मुद्दे खरे होते. आणि मी ते ज्या घाईने वहीत उतरवत होते, त्या घाईनेच माझी मला लाज वाटली.

मला एक मुलगा आठवत होता. नाव लिहीत नाही. २००१ चा ऑक्टोबर, वय १९, मोटारसायकल, हेल्मेट नाही. पुरंदरकडचा. सहा दिवस होता. त्याच्या वडिलांना आत सोडायची वेळ संध्याकाळी पाचची, पण ते सकाळी सातपासून जिन्यात बसलेले असायचे. मुलगा गेला. महिन्याभराने ते कागदपत्रं न्यायला आले तेव्हा मला शोधत वर आले आणि हातात सीताफळांची पिशवी दिली. म्हणाले, "सिस्टर, तुम्ही रातभर हुभ्या व्हतात. आमी पायलंय." ती सीताफळं मी घरी आणली, आम्ही ती खाल्ली.

सादरीकरण बरं झालं म्हणे. पानं उलटत गेले, आकडे सांगितले. शेवटी प्रश्नोत्तरांत दुसऱ्या कुणी काही विचारायच्या आत मीच सरांना विचारलं, "सर, आम्ही हे दिलंय. मी स्वतः दिलंय. मग एखाद्या विशिष्ट पेशंटच्या बाबतीत काय समजायचं?"

सर जरा थांबले. म्हणाले, "मॅडम, हा आकडा दहा हजारांचा आहे. तो तुम्हाला एकाचं काही सांगणार नाही. चांगलंही नाही, वाईटही नाही." आणि ते वळून फळा पुसू लागले, जो आधीच पुसलेला होता.

माझ्या मनात डॉक्टरांबद्दल राग आला का? नाही आला. त्यांच्या पुस्तकात तेच होतं. कुणी खोटं बोललं नव्हतं, कुणी पैसे खाल्ले नव्हते. उलट स्टेरॉइड न देणारा डॉक्टर तेव्हा हलगर्जी ठरला असता. आणि गंमत पाहा (गंमत तरी कसली), तेच डेक्सामेथासोन २०२० च्या जूनमध्ये इंग्लंडच्या रिकव्हरी चाचणीत व्हेंटिलेटरवरच्या कोविड रुग्णांचे मृत्यू जवळपास एक तृतीयांशाने कमी करणारं ठरलं. ज्यांना ऑक्सिजनच लागत नव्हता त्यांना त्याच औषधाचा फायदा दिसला नाही. स्वस्तातलं, जुनं, आमच्या ट्रॉलीच्या वरच्याच कप्प्यात असणारं औषध.

आता कामाचं थोडं. चाचणीत कुणाला घ्यायचं तर आधी संमती घ्यावी लागते. कंपनीकडून माहितीपत्रक मराठीत येतं. पण ती मराठी! 'यादृच्छिकीकरणाद्वारे आपणांस दोहोंपैकी एका गटात नियुक्त करण्यात येईल.' हे मी इंदापूरच्या बाईला वाचून दाखवायचं? मी म्हणते, "मावशी, दोन औषधं आहेत. कुठलं चांगलं ते आम्हाला माहीत नाही. चिठ्ठी टाकल्यासारखं कॉम्प्युटर ठरवतो." सुरुवातीला 'आम्हाला माहीत नाही' हे म्हणताना जीभ अडखळायची. सत्तावीस वर्षं मी लोकांना "सगळं ठीक होईल" असं सांगत आले आहे.

गेल्या हिवाळ्यात अशाच एका बाईंशी बोलत होते. नवऱ्याला लकवा झालेला, बोलता येत नाही, म्हणून निर्णय बाईंचा. त्यांना वाचता येत नाही, म्हणून शेजारच्या खाटेच्या पेशंटचे भाऊ साक्षीदार. चाचणीशी संबंध नसलेला साक्षीदार लागतो. ते शाळामास्तर निघाले, त्यांनी सगळं स्वतः वाचून बाईंना परत समजावलं. पाऊण तास गेला. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, "नगं म्हणलं तर ह्यांची खाट जाईल का?"

"नाही मावशी. अजिबात नाही. आत्ता जे उपचार चालू आहेत ते तसेच चालू राहतील."

"नक्की?"

"नक्की."

त्या माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. मग पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदाही. कागदावर ते वाक्य ठळक अक्षरात छापलेलं आहे, मी ते परीक्षेत पाच मार्कांसाठी लिहिलंय. पण तिने आयुष्यात कुठल्या कचेरीत 'नाही' म्हटल्यावर काही गेलं नव्हतं, असं झालंच नसेल तर तिने माझ्यावर का विश्वास ठेवावा? शेवटी म्हणाल्या, "मग नगं."

मी फाइलमध्ये नोंद केली. डॉक्टरांनी भुवया वर केल्या, "इतकं समजावलंत तर कुणीही नाहीच म्हणेल सिस्टर." रागाने नव्हे, दमून म्हणाले, महिनाअखेर होती आणि आमचे पेशंट कमी पडत होते. मला बाईंचं बरं वाटलं आणि वाईटही वाटलं. कारण सगळ्यांनीच नको म्हटलं तर कुठलं औषध चांगलं ते कळणार कसं? हे दोन्ही मला एकाच वेळी वाटतं, आणि पदविका मिळाली तरी त्याचा तोडगा मिळालेला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आल्या आल्या मी ती खाट पाहिली. मावशी तिथेच होत्या, नवऱ्याला चमच्याने पेज भरवत.

आणखी एक सांगायचंय. खरं तर याचसाठी लिहायला बसले होते, वाटेत बाकीचं आलं.

शेवटच्या महिन्यात क्षयरोगावरच्या जुन्या चाचण्या होत्या. १९४८ ची स्ट्रेप्टोमायसिनची ब्रिटिश चाचणी सगळ्यांना शिकवतातच. औषध सगळ्यांना पुरण्याइतकं नव्हतंच, म्हणून १०७ जणांत कुणाला द्यायचं ते नशिबावर सोडलं. सहा महिन्यांत औषधवाल्या ५५ पैकी ४ गेले, बाकीच्या ५२ पैकी १४. त्यानंतर सर म्हणाले, आता आपल्याकडची. मद्रासमध्ये १९५६ साली केंद्र सुरू झालं आणि १९५९ साली निष्कर्ष छापून आले. तेव्हा समजूत अशी की क्षयरोग्याला सॅनेटोरियममध्येच ठेवायला हवं. मोकळी हवा, विश्रांती, सकस आहार, आणि घरच्यांपासून लांब. मद्रासच्या गरीब वस्तीतले १९३ रुग्ण घेतले. निम्मे सॅनेटोरियममध्ये, निम्मे आपापल्या घरी. औषधं दोघांना तीच, वर्षभर. घरचे रुग्ण दाटीवाटीच्या खोल्यांत राहत होते, त्यांचं खाणं हलकं होतं, विश्रांती कमी. तरी वर्षअखेर दोन्हीकडचे जवळपास सारखेच बरे झाले. पुढे घरच्या माणसांवरही लक्ष ठेवलं. घरात ठेवलेल्या रुग्णांच्या कुटुंबांत रोग काही जास्त पसरला नाही. त्यानंतर जगभर क्षयाचे उपचार घरी सुरू झाले.

बाकीचे लिहून घेत होते. मी पेन खाली ठेवलं होतं.

माझी आजी, आईची आई, १९५७ साली मिरजेजवळ वानलेसवाडीच्या सॅनेटोरियममध्ये होती. चौदा महिने. आई तेव्हा सहा वर्षांची. तासगावजवळच्या खेड्यातून आजोबा महिन्यातून एकदा एसटीने जायचे, आईला कधी नेलं नाही. पोरीला लागण व्हायला नको म्हणून. आजी बरी होऊन परत आली तेव्हा आई तिला ओळखेना आणि आत्याच्या पदरामागे लपली. ही गोष्ट आमच्या घरात हसत सांगतात. आजी स्वतः सांगायची नाही, इतर सांगत असताना उठून आत जायची, एवढं मला आठवतं.

त्या संध्याकाळी मी आईला सांगलीला फोन केला. ती आता ७४ वर्षांची आहे. ऐकू कमी येतं, म्हणून सगळं मोठ्याने, दोनदा सांगितलं. नशिबाने वाटलेले रुग्ण, घर आणि सॅनेटोरियम, सारखाच निकाल. मला वाटलं तिला कंटाळा आला असेल.

"म्हणजे माझी आई घरीच ऱ्हायली असती की!" ती म्हणाली.

"हो. निकाल नंतर आला गं. एकोणसाठ साली."

"आणि सुरू कधी झालं म्हणालीस?"

"छप्पन."

पलीकडे बराच वेळ काही आवाज नाही. मला वाटलं फोन कट झाला. मग ती म्हणाली, "म्हणजे आई तिकडं असताना हे चालूच होतं. मद्रास किती लांब होतं गं आपल्यापासनं."

मग विचारलं, जेवलीस का.